पुरणाविना मांडा

माझी धाकटी नणंद शकुन पुण्याला रक्तातल्या चरबीवर संशोधन करत होती. १९९१च्या उन्हाळ्यात शिंदखेड्याचे पाहुणे तिला बघायला आमच्याकडे जळगावला आले. लग्न ठरलं तर ही माणसं आपल्याला शिक्षण पुरं करू देतील का, एवढीच तिला धास्ती.

मुलाची आत्या भागाबाई म्हणाली, "पोरी, मांडा करी दाखाड."

शकुननं पिठाचा गोळा हातांवर फिरवत चांगला पसरवला आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकला. घाबरलेली पोर पुरण भरायचंच विसरली होती.

"यामा पुरण कोठे शे?"

मला हसू आवरेना. शकुन मात्र एकदम खुलली. "आत्याबाई, मी हेच शिकते. रक्तात चांगल्या कोलेस्टेरॉलचे कण असतात. नवे असताना ते असेच चपटे. पेशींकडून ते कोलेस्टेरॉल उचलतात. मग एक एन्झाइम त्याचं रूप बदलतं, तेव्हा कोलेस्टेरॉल आत शिरतं आणि कण गोल, गच्च होतो. एन्झाइम कमी पडलं तर चपटाच राहतो."

"कमी का पडस?"

"ते शोधायला अजून दोन वर्षं लागतील."

हसून हसून भागाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं नवऱ्या मुलाला, मुरलीधरला उठवलं आणि त्याच्या हातावर गोळा ठेवला. त्यानं ताणताच भोकं पडली. आता माझ्या सासूबाईही तोंडाला पदर लावून गदगदत होत्या.

"दोन वरीस शेतस," भागाबाई भाच्याला म्हणाली, "तवलोंग तू मांडा शिकी ले."