जांभ्यावरचं नाव

“वाचलं होतं, असंच सांगा ना अयूबचाचा. तुमचं काय जातं?” हरिश्चंद्र मास्तर माझ्या कानाशी लागून म्हणाले.

पडवीत समोर सरदारजी बसले होते. ते इथल्या रस्त्याच्या कामावरचे ठेकेदार. फाळणीत त्यांचं गाव तिकडे राहिलं. गुरू नानक चारशेहून अधिक वर्षांपूर्वी बगदादपर्यंत गेले होते, याचे पुरावे ते गोळा करत होते. पुस्तक काढायचं होतं. पहिल्या महायुद्धात बगदाद पाहिलेला माणूस आमच्या मांडवी गावात आहे असं सांगून मास्तर त्यांना माझ्याकडे घेऊन आले होते. मराठी मजकूर मास्तरच लिहिणार होते.

मी पाहिलं तेवढं सांगून झालं होतं. शहराबाहेर कबरी, त्यांच्या पलीकडे फकिराचं एक ठिकाण, भिंतीत बसवलेला दगड, दगडावर अक्षरं. ती नानकांच्या नावाची की आणखी कुणाच्या, ते मला ठाऊक नाही. मी तिथल्या नदीत फौजेच्या बोटीवर आगवाला होतो, बॉयलरमध्ये कोळसा टाकायचो. अक्षरओळख मला चाळिशी उलटल्यावर झाली, रात्रीच्या शाळेत, आणि तीही मराठीची.

“मना वाचता येत नव्हतां, मास्तर. आता खोटां कशाला बोलू?”

“अहो, दगड होता, अक्षरं होती. मग त्यावर काय बांगडे-सुरमईचा भाव लिहिला असेल?”

सरदारजीही हसले. मला ते हसणं लागलं. तरी मी शांतपणे म्हटलं, माझं नाव घालू नका हवं तर, पण मला तिथं ज्यानं नेलं त्याचं घाला. केहरसिंग. आमच्या बोटीवर पहाऱ्याचा शीख शिपाई होता. तिथला राखणदार आपल्याला आत घेईल की नाही या धास्तीनं त्यानं मला मुसलमान म्हणून सोबत नेलं. कबरी दिसताच लांबूनच त्यानं जोडे काढले आणि तापल्या वाळूतून अनवाणी चालत गेला. राखणदारानं आम्हाला अडवलं नाही. केहरसिंगानं उंबऱ्यावर डोकं टेकलं ते उचलेना. मी बाजूला उभा राहून फातिहा पढलो. बोटीच्या परतीच्या फेरीत हगवणीनं तो गेला.

मास्तरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. “हे कशाला? साधा शिपाई तो. त्याचा पुराव्याशी काय संबंध?”

माझं डोकं फिरलं.

“संबंध? चारशे वर्सांमागं गेला त्याचो पुरावो हवो, आनि माझ्या मांडीवर मेला तो कोन नाय? बोटीवरचो गोरो साहेब म्हनला, वालूत पुरा. लाकडां नाय. केहरसिंगानं मरताना माझा हात धरून सांगितलां होतां, मना जालायचां. मग आमी आगवाल्यांनी बॉयलरचो कोलसो चोरलो. सगले मुसलमान. त्याच्यावर जालला त्याला. साहेबानं चाबकानं फोडला आमाना. ह्यातला एक अक्षर लिवनार नाय तुमी, आनि मी न वाचलेलां लिवनार?”

आतून माझी बायको शरीफा धावत आली. मी हात वर केला होता, तो तिनं धरला. मास्तर चपला शोधू लागले. म्हातारा तापट आहे, असं काहीतरी ते सरदारजींना हिंदीत पुटपुटले.

सरदारजी उठले नाहीत. केहरसिंगाची काही खूण आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

राख नदीत गेली. खूण कुठली असणार?

मग मी त्यांना परसातल्या विहिरीकडे नेलं. काठावरच्या एका चिऱ्यावर मी लिहायला शिकलो त्या साली छिन्नीनं केहरसिंगाचं नाव कोरलं होतं. पण आमचा जांभा दगड सगळा भोकाभोकांचा, अक्षर धरत नाही. दर पावसाळ्यानंतर मी ते पुन्हा उकरायचो. गेली काही वर्षं छिन्नी चालवणं जमत नाही. शरीफा दुसऱ्या चिऱ्यावर कोयती घासते, या चिऱ्यावर घागरसुद्धा टेकवत नाही.

मागून आलेले मास्तर वाकले. शेवाळ बोटानं खरवडून पाहिलं आणि म्हणाले, “काहीच वाचता येत नाही.”

सरदारजी विहिरीपासून चार पावलं मागे सरले आणि त्यांनी पायातले जोडे काढले.