भरीव इंजिन

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं, जागा आहे. आज एका इंजिनाची गोष्ट सांगतो. ते कधी सुरू झालं नाही, कारण सुरू व्हायला ते केलेलंच नव्हतं.

एक कातारी होता. लेथवर लाकूड कातून खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे, पाळण्याचे खांब करायचा. त्याचा थोरला भाऊ मोटारसायकलींचा मेकॅनिक, नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगणारा. एका अपघातात दादाच्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी हाडं जुळवली आणि बजावलं, रोज सायकल चालवा. गुडघा हलता राहिला तर राहिला, नाहीतर पाय कायमचा आखडेल.

दादाने सायकल बघितली आणि तोंड फिरवलं. उभी हयात इंजिनात हात काळे केले, आता लहान पोरासारखं पायडल मारू? बाजारातून जायला तोंड तरी राहील का? वहिनीने विनवलं, रागावून पाहिलं, अबोलाही धरला. दादा ढिम्म हलेना.

तेव्हा कातार्‍याच्या डोक्यात आलं. म्हणाला, दादा, सायकलला मी इंजिन बसवतो. लाकडाचं. बघणारा वळून वळून बघेल.

अपघातानंतर दादा पहिल्यांदा हसला तो त्या दिवशी. मग रोज तो लेथजवळ स्टुलावर पाय लांब करून बसू लागला आणि चुका काढू लागला. अरे, सिलिंडरच्या चकत्यांमध्ये फट ठेव, हवा खेळायला हवी, ही काय ताटांची चळत आहे? कार्बोरेटर उलटा धरलायस, पेट्रोल काय खालून उडी मारणार? कातारी हसत हसत पुन्हा कातायचा. लाकूड जुन्या तुळईचं, लोखंडासारखं. त्यावर चंदेरी रंग, खरे पितळी नट आणि पाण्याचा जाड नळ वाकवून केलेला सायलेन्सर.

एकदा वहिनी चहा घेऊन आली. तिने सिलिंडर उचलून पाहिला, दुसरा हात खाली लावावा लागला.

"भावजी, हे आतून कोरून काढता येणार नाही का?"

कातारी दुखावला. वाजवलं की ठक्क वाजलं पाहिजे, ही त्याच्या वडिलांची शिकवण. पोकळ काम या हातातून कधी बाहेर पडलं नव्हतं. "वहिनी, मी खेळणं करत नाहीये," एवढंच म्हणाला. दादाने चहाच्या कपात नजर घातली.

सायकल रस्त्यावर आली त्या दिवशी वळणावरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. कुणी विचारलं, ॲव्हरेज किती देते? दादा म्हणाला, पोटभर जेवलो तर बरंच देते. असा फुलला होता तो की वहिनी दारात उभी राहून डोळे पुसत होती.

पुढे एका सकाळी कातारी कामाला जाताना वळणावर थबकला. सायकल भिंतीला टेकलेली, दादा न्हाव्याच्या पायरीवर, भोवती चारजण इंजिन न्याहाळत. दादा त्यांना सांगत होता, इंजिन तापलंय, जरा थंड होऊ देतोय. सगळे हसले. कातारीही लांबूनच हसला. देवाने आपल्या हातून एक चांगलं काम करून घेतलं, असं मनाशी म्हणत पुढे गेला. अहो, दोन पावलं जवळ जायचं होतं. दादाचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

मग पावसाळा आला आणि गेला. एके दिवशी वहिनीने निरोप धाडला, सायकल बाहेर गंजतेय, आत आणून ठेवा. उंबरठ्यावरून घ्यायला कातार्‍याने ती उचलली आणि त्याचा श्वास अडकला. इंजिन जोडल्यापासून अख्खी सायकल त्याने कधी उचललीच नव्हती.

आत दादा खाटेवर, पाय काठीसारखा सरळ.

"दादा, ही घेऊन तू वळणापुढचा चढ कसा चढायचास?"

"चढत नव्हतो. वळणापर्यंत ढकलत न्यायचो, बसायचो, ढकलत आणायचो. नंतर तेही होईना."

"मला सांगायचं नाही?"

"तू त्या सिलिंडरवर असा हात फिरवत होतास, तान्ह्या बाळाच्या टाळूवर फिरवावा तसा. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

कातार्‍याने इंजिन उतरवलं, लेथवर चढवलं आणि आतून कोरत गेला. भुशाचा ढीग घोट्यापर्यंत आला. सायलेन्सरही काढून पत्र्याचा केला. आता सगळं एका हातात उचलता येत होतं. दोघांनी धरून दादाला सीटवर बसवलं. त्याने पायडलवर पाय ठेवला, दात आवळून जोर लावला. पायडल अर्ध्यावर आलं आणि थांबलं. गुडघा वाकेना.

"हलकी झालीय हां," दादा म्हणाला आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच उतरला.

दादासाठी हळहळणारे पुष्कळ आहेत. येताजाता न्हावी त्याला हात देतो, गल्ली त्याची विचारपूस करते. तुम्ही घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या कातार्‍याला आठवा. तो अजून लेथ चालवतो, पण कामाचं कुणी कौतुक केलं की मान खाली घालतो. त्याच्यासाठी एक शब्द देवाच्या कानावर घाला, एवढंच मागणं.