मोडलेलं स्पेक्युलम

दक्षा सिस्टरनं तीन महिने पाड्यावर खेपा घातल्या, तेव्हा कुठं ठकी तपासणीला यायला तयार झाली. चाळिशीची, भाताच्या तुकड्यावर राबणारी बाई. वर्षभर अंगावरून पांढरं जात होतं. तलासरीच्या डोंगराकडच्या आरोग्य केंद्रात ती आली ती आणखी पाच जणींना घेऊनच.

केंद्रातल्या डॉक्टर शितल मॅडम घाईत होत्या. गर्भपिशवीचं तोंड दिसावं म्हणून आत घालतात ते दोन पात्यांचं स्पेक्युलम तिथं एकच होतं, मोठ्या मापाचं, झिजल्या स्क्रूचं. उघडलेली पाती आतच निसटून मिटली आणि ठकीची कातडी त्यांत सापडली. ती किंचाळली.

"एवढं काय ओरडायचं? चार पोरं झालीत ना तुला?" मॅडम म्हणाल्या.

ठकीचा गुडघा दक्षानं दाबून धरला होता. ठकीनं तो हात झटकला, खाली उतरली, लुगडं सारखं केलं.

"ढोरालाबी असं करत नाय," म्हणाली आणि चालू लागली. टेबलावरच्या कागदावर रक्ताचे थेंब होते. बाहेर बसलेल्या पाचही जणी तिच्यामागून गेल्या.

दक्षाच्या अंगाची लाही लाही झाली. मॅडमचा राग होताच, पण स्वतःच्या त्या दाबून धरणाऱ्या हाताचा जास्त. दुसऱ्या दिवशी एसटीनं तिनं डहाणू गाठलं आणि आरोग्य खात्याच्या स्टोअरच्या बाबूंपुढं उभी राहिली.

"लहान आणि मधल्या मापाची स्पेक्युलम द्या. स्क्रू धरेल अशी."

बाबूंनी रजिस्टर चाळलं. "तुमच्याकडचं वापरात आहे, सिस्टर. मोडलं तरच बदलून मिळतं."

"ते बायकांना चिमटतं."

"आजवर कुणाची तक्रार नाही."

"आजवर विचारलंय कुणी?"

बाबूंनी पुढची फाईल ओढली.

परत येताच दक्षानं स्पेक्युलम मागच्या पायरीवर ठेवलं, जनरेटरच्या खोलीतला हातोडा आणला आणि घातला घाव. स्पेक्युलमची मूठ जराशी वाकली. आवाजानं शितल मॅडम धावत आल्या.

"वेड लागलं का? सरकारी वस्तू आहे ती!"

"मॅडम, एकदा तुमचा हात घाला त्यात. मग बोला."

रागारागानं मॅडमनी पाती उघडली, स्क्रू आवळला, मधे हात धरला. स्क्रू निसटला. अंगठ्याजवळचं मांस पकडलं गेलं तसा त्यांनी श्वास आत ओढला. लाल वळ उठला.

मग स्पेक्युलम पुन्हा पायरीवर ठेवून म्हणाल्या, "मार."

केंद्राच्या रजिस्टरात 'मी मोडलं' असं लिहून दक्षानं सही केली. मॅडमनी खाली 'माझ्या सांगण्यावरून' लिहिलं. दोघींना मेमो आले. दोघींनी ठकीचं नाव न घेता घडलं ते सगळं उत्तरात लिहिलं, वर पाठवलं, पुन्हा पाठवलं. अडीच महिन्यांनी खोकं आलं: तीन मापं, गोल कडा, घट्ट स्क्रू.

सगळ्यांत लहान घेऊन दक्षा ठकीच्या ओट्यावर गेली. आधी माफी मागितली. ठकीनं ते हातात घेतलं, उघडलं, मिटलं, कडेवरून बोट फिरवलं.

"असलं आधी मिळत नव्हतं?"

"मिळत होतं."

"मग आम्हालाच का ते चिमटणारं दिलंत?"

ठकीनं स्पेक्युलम दक्षाच्या मांडीवर ठेवलं.

"येईन मी सोमवारी. पण कुणी गुडघा धरायचा नाय. आणि 'थांबा' म्हटलं की थांबायचं."

"थांबू," दक्षा म्हणाली.