क्रिअनलारिखला सुटलेले दोन डबे

मोरवेनने शौचालयाच्या दारावर तिसऱ्यांदा टकटक केली, तेव्हा आतून एक तरुण बाई ओले हात झटकत बाहेर आली.

"आत एक म्हातारे गृहस्थ गेले होते."

"आत? माझ्याबरोबर?" ती हसली, आणि मोरवेनचा चेहरा बघून दार पूर्ण उघडून बाजूला झाली.

गाडी क्रिअनलारिखच्या स्थानकात उभी होती. ग्लासगोहून एकत्र आलेल्या गाडीचे इथे दोन भाग होतात. पुढचे दोन डबे ओबनला जातात, मागचे मॅलेगला. ग्लासगोपासून ही सूचना चारदा झाली होती. मोरवेन फलाटावर उतरली तोवर जोड सुटलेला होता आणि दोन गाड्यांच्या मधला रूळ हळूहळू लांब होत होता. सुटलेल्या गाडीच्या शेवटून तिसऱ्या खिडकीत तिला वडिलांची तपकिरी टोपी दिसली. ती हाका मारत धावली. लॅकलन मॅकफेल यांनी मान वळवली नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते समोर बघत होते. अडतीस वर्षं शहराची बस चालवलेला माणूस सिग्नलला थांबल्यावर बसतो, तसे.

"थांबवा ती गाडी," तिने गार्डबाईंना गाठलं. "माझे वडील चुकून त्यात गेलेत."

"सुटलेली गाडी आता कशी थांबवू, ताई? आधी आत चला, नाहीतर ही पण जाईल."

"एक्याऐंशी वर्षांचे आहेत. या वर्षात दोनदा पडलेत. फोनसुद्धा इथेच ठेवून गेलेत."

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"मग झालं तर. ओबनच्या पुढे समुद्र आहे, गाडी आणखी कुठे नेणार त्यांना?" गार्डबाई म्हणाल्या, मग जरा मऊ आवाजात, "निरोप पोचवते. फोर्ट विल्यमला काय ते कळेल. मधे माळावर फोन लागत नाही, बघत बसू नका."

दोन्ही रूळ काही मैल एकाच खोऱ्यातून जातात, एक या उतारावर, दुसरा त्या. मोरवेन काचेला कपाळ टेकवून बसली. खाली, नदीपलीकडे, दोन डब्यांची ती गाडी खेळण्यातल्यासारखी सरकत होती. इतकी स्पष्ट, की डबे मोजता यावेत. आणि हाक मारण्याचा काही उपयोग नाही इतकी लांब. मग तो रूळ डावीकडे वळला आणि टेकडीने ती गाडी गिळली.

हा प्रवास तिनेच ठरवला होता. सोमवारी लॅकलन पेझलीच्या वृद्धाश्रमात राहायला जाणार होते. त्याआधी त्यांचं स्वप्न पुरं करायचं, असं तिच्या मनाने घेतलं. आगगाडीने मॅलेग. ग्लेनफिननच्या एकवीस कमानींचा पूल, पांढरी वाळू, रूळ जिथे संपतात तिथे समुद्र. त्या पुलाचं चित्र त्यांच्या फ्रिजवर तीस वर्षं चिकटवलेलं होतं. आई गेली त्यालाही सहा वर्षं झाली, तरी चित्र तिथेच होतं. मोरवेनने खिडकीजवळच्या जागा, औषधांच्या वेळा, हॉटेलातली तळमजल्यावरची खोली, सगळं जुळवून आणलं होतं. जिना आवर्जून टाळला होता. गाडीने वडलांना कुठे न्यायचं, एवढं एकच तिच्या हाती राहिलं नव्हतं.

साडेअकराची गोळी! ती दचकून उठली आणि फळीवरून त्यांची बॅग काढली. सदरे, मोजे, दाढीचं सामान. औषधांची डबी नव्हती. तिने सगळं सीटवर पसरलं, पुन्हा एकेक घडी उलगडून पाहिली. डबी नव्हती. शौचालयाला जाऊन येतो म्हणून उठले, तेव्हा अंगात कोट होता, हे तिला आत्ता आठवलं. गळ्याला मफलरही होता.

समोरची बाई म्हणाली, "काही हरवलं का हो?"

"नाही," मोरवेन म्हणाली आणि सदऱ्यांच्या घड्या घालू लागली. त्या नीट जमेनात.

बाहेर रॅनॉखचा माळ सुरू झाला होता. डबकी, खडक, दलदल, आणि घर म्हणून एक नाही. लोक खिडक्यांना चिकटले. एकाने हरणं दाखवली. मोरवेनने फोन पाच वेळा पाहिला.

फोर्ट विल्यमला गार्डबाई स्वतः तिला शोधत आल्या.

"तुमचे बाबा सुखरूप आहेत. ओबनला उतरले." त्यांनी मोरवेनला जरा बाजूला घेतलं. "चुकून नाही गेले, ताई. त्यांच्याजवळ ओबनचं तिकीट होतं. वेगळं काढलेलं. जायचं फक्त." त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली. "तिथल्या गार्डकडे राहायच्या जागेचा हा नंबर देऊन गेले. म्हणाले, पोरगी घाबरेल, तिला कळवा."

मोरवेन फलाटाच्या टोकाला गेली. फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"गोळी घेतली," लॅकलन म्हणाले. "आधी ते सांगून टाकतो."

"बाबा, तुम्ही आहात कुठे?"

"धक्क्यावरच्या एका घरात. वरची खोली घेतली आहे. लग्नाआधी दोन उन्हाळे इथे बोटींचे दोर धरायचो मी, तुला सांगितलं नसेल."

"वरची? म्हणजे जिना आहे?"

"चौदा पायऱ्या. बसत बसत चढलो."

"पडलात तर?"

"तर पडेन, पोरी."

पलीकडे बोटीचा भोंगा वाजला; तो संपेपर्यंत दोघंही थांबली.

"मॅलेग तुमचं स्वप्न होतं ना? मी सगळं तुमच्यासाठी..."

"मॅलेग तुझ्या आईचं. मी तिला नेलं नाही, कामावरून रजाच मिळत नव्हती. ते राहिलं, राहिलंच. तू जाऊन ये तिच्या वतीने. तुझ्या हातून ते झालं तर मला बरं वाटेल."

"मला सांगायचंत तरी."

"सांगितलं होतं."

"कधी?"

"तू आश्रमाचे कागद भरत होतीस तेव्हा. मी म्हटलं, मला तिथे नाही जायचं. तू म्हणालीस, इथे सही करा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त जड गेलं. "मग पुन्हा दोनदा म्हटलं."

तिला आठवलं. तिसऱ्यांदा ती हसलीही होती.

"सोमवारचं काय?" तिने विचारलं.

"ते मला नको विचारू."

गार्डबाई दारातून हात करत होत्या. स्थानकाच्या बाहेर ओबनची बस उभी होती. दीड तासात ती त्यांच्या दाराशी पोचली असती. पोचून काय करणार होती? कोटाची बाही धरून चौदा पायऱ्या खाली आणणार? तिने दोन पावलं बसकडे टाकली. मग परत फिरली आणि गाडीत चढली.

ग्लेनफिननला सगळा डबा डाव्या खिडक्यांशी लोटला. कमानींवरून गाडी वळली, तेव्हा खिडकीतून तिची मागची शेपटी दिसली. "बसा ना इथे, जागा आहे," कुणी म्हणालं. मोरवेन उभी राहिली, पाहिलं, फोटो काढला नाही. रिकाम्या सीटवर वडिलांची बॅग होती.

मॅलेगला रूळ संपले. बंदरावर डिझेलचा आणि माशांचा वास होता, कुरव पक्षी नुसता कल्ला करत होते. दोन्ही बॅगा पायाशी ठेवून तिने आश्रमाला फोन लावला. बाबा सोमवारी येणार नाहीत, हे कसं म्हणायचं ते तिने वाटेत चार प्रकारे जुळवून पाहिलं होतं.

"मॅकफेल ना?" तिकडची बाई उत्साहात बोलली. "खोली अगदी तयार आहे. तुम्ही म्हणाला होतात तसे निळे पडदे लावलेत. बाबांना निळाच आवडतो ना?"

मोरवेनने तोंड उघडलं. निळा आईला आवडायचा. बाबांना कुठला, ते तिला आठवेना.

"हॅलो? मॅकफेल बाई, ऐकताय ना?"