टेकडीवरचा अकरा इंच पाऊस

अर्जुनी मोरगावच्या पलीकडे, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथे एक टेकडी आहे. स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी सरकारने तिच्या माथ्यावर वेधशाळा बांधली. वेधशाळा म्हणजे एक कौलारू खोली, पाऊस मोजायचं पितळी भांडं, पांढऱ्या पट्ट्यांच्या लाकडी पेटीत टांगलेले चार तापमापक आणि वारा कुठून येतो ते दाखवणारा लोखंडी बाण. वर जायला दोनशे दहा पायऱ्या. निरीक्षक म्हणून केशोराव नेमले गेले. सातवी पास, अक्षर मोत्यासारखं, आणि वय चाळीस असलं तरी गुडघे साठीचे.

पहिल्या वर्षी केशोराव खरोखर रोज वर चढले. सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच. त्या श्रावणात एका रात्रीत नऊ इंच पाऊस पडला. गावातल्या अर्ध्या भिंती बसल्या, बोडी, म्हणजे शेताचं छोटं तळं, फुटली. केशोरावांनी भिजत वर जाऊन पाणी मोजलं आणि नऊ इंचांची तार केली. आठवड्याने वरच्या ऑफिसातून पत्र आलं : 'आकडा सरासरीशी विसंगत असून संशयास्पद आहे. खुलासा करावा.' त्यांनी खुलासा केला. मग त्या खुलाशाचा खुलासा मागितला गेला. तिसऱ्या खुलाशात केशोरावांनी लिहिलं की पाऊस त्यांनी पाडलेला नाही. त्यावर उद्धटपणाबद्दल समज मिळाली.

त्या दिवसापासून केशोराव शहाणे झाले. त्यांनी जिल्ह्याचे मागच्या वर्षांचे आकडे समोर घेतले, त्यांची सरासरी काढली आणि ओसरीवर बसून हवामान लिहायला सुरुवात केली. कधी दहा सेंट, म्हणजे इंचाचे दहा शतांश, वर, कधी पाच सेंट खाली. अगदीच सारखं दिसू नये म्हणून मधूनच एखादा कोरडा दिवस. तापमानासाठी बायको होतीच.

"सुशीला, आज कसं वाटते?"

"जीव चालला माहा, आणखी कसं वाटंल?" चुलीपुढून सुशीलाबाई म्हणत.

केशोराव एकशे सहा अंश फॅरनहाइट लिहीत. सुशीलाबाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला की बावन्न. दोन वर्षांनी वरच्या ऑफिसातून पुन्हा पत्र आलं. नोंदी नियमित, खाडाखोडविरहित आणि सरासरीशी उत्तम जुळणाऱ्या असल्याबद्दल अभिनंदन. केशोरावांनी ते चौकटीत लावून ओसरीवर टांगलं.

वर रोज जायची ती रुख्मा. पायथ्याच्या टोलीत, छोट्या वस्तीत, राहणारी, नवरा गेलेली, काटक बाई. खोली झाडायची, बकऱ्या हाकलायच्या आणि ज्या तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं बांधलेलं असतं त्याच्या वाटीत पाणी भरायचं, एवढ्यासाठी सरकारने तिला ठेवलं होतं. केशोराव चढायचे बंद झाले त्या आठवड्यात त्यांनी तिला सांगितलं होतं, "मी येत नाही तोवर भांड्यातलं पाणी या काचेच्या ग्लासात ओतत जा. ग्लास भरला की भिंतीवर कोळशाने एक रेघ मार. अर्धा भरला तर अर्धी. पाऊसच नसला तर ठिपका."

पूर्ण ग्लास म्हणजे अर्धा इंच. हे रुख्माला ठाऊक नव्हतं आणि त्याने काही बिघडत नव्हतं. ती रोज सकाळी वर जाई, पाणी ओती, वाकून बघे आणि रेघ मारी. केशोरावांनी त्या रेघा कधी विचारल्या नाहीत. तरी पाच वर्षांत खोलीची एक भिंत खालपासून वरपर्यंत भरली आणि दुसरी सुरू झाली.

चौपन्न साली पोळ्यानंतर पाऊस दडी मारून बसला. धान पोटरीत आलेला. त्याला त्या वेळी पाणी नाही मिळालं तर लोंबी बाहेर येते ती पोकळ. भाद्रपद कोरडा गेला, दसऱ्याला बांध्यांना भेगा पडल्या. टिकाराम गावातला बोलका शेतकरी. दहा जणांना घेऊन तो तहसिलीत गेला आणि सारामाफीचा अर्ज दिला. बाबूने फाईल काढली, बोट फिरवलं आणि मान हलवली.

"तुमच्याकडे पोळा ते दसरा अकरा इंच पाऊस झाला आहे. टेकडीची नोंद आहे. माफी कसली मागता?"

ते सगळे तिथून थेट केशोरावांच्या ओसरीवर आले. केशोराव त्या वेळी पुढच्या आठवड्याचं हवामान लिहून ठेवत होते, कारण त्यांना मेहुण्याच्या गावी जायचं होतं.

"केशोराव, पाऊस कोठी पडला जी?" टिकारामने विचारलं.

"टेकडीवर."

"अकरा इंच?"

"अकरा इंच चार सेंट." केशोरावांनी रजिस्टर फिरवून दाखवलं.

"मंग आमच्या बांधीत काऊन नाई आला?"

"तुमच्या बांध्या खाली आहेत. मी टेकडीवरचा निरीक्षक आहे."

"टेकडीवरचं पानी खाली नाई उतरत का?"

केशोरावांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "पाणी पडेपर्यंत आमचं खातं. उतरायला लागलं की दुसरं खातं."

बकाराम नावाचा एक म्हातारा हसला आणि लगेच त्याला खोकला आला. बाकी कोणी हसलं नाही. टिकारामने चौकटीतल्या पत्राकडे पाहिलं, मग रजिस्टराकडे, आणि निघाला.

विहिरीवर ही गोष्ट रुख्माच्या कानावर आली. तिने घागर खाली ठेवली.

"अकरा? माह्या भिंतीवर तं पोळ्यापासून सहाच रेघा आहेत."

"कोनती भिंत?" टिकारामने विचारलं.

ती त्यांना वर घेऊन गेली. सगळे खोलीत शिरले. भिंतीवर पाच पावसाळे उभे होते. दर अमावास्येला तिने आडवी रेघ ओढून महिना वेगळा केला होता. ज्या वर्षी टिकारामचा बैल पुरात गेला त्या महिन्यात रेघांची नुसती गर्दी होती. या वर्षीचा भाद्रपद म्हणजे ठिपके, ठिपके, ठिपके आणि मध्ये कुठे एखादी रेघ.

"तू हे कायले करत राहिलीस वो, रुख्मा? कोनी विचारते का तुले?" टिकाराम म्हणाला.

"कर म्हनून सांगतलं होतं. थांब म्हनून कोनी सांगतलं नाई."

गावाने नागपूरला अर्ज केला. कार्तिकात देवस्थळे नावाचे मोठे साहेब तपासणीला आले. केशोराव पाच वर्षांत पहिल्यांदा टेकडी चढले. सत्तराव्या पायरीवर त्यांनी रानफुलांचं कौतुक केलं, एकशे विसाव्या पायरीवर निसर्गाचं, आणि पुढे त्यांच्याकडे कौतुकालाही श्वास उरला नाही. मागून रुख्मा आणि गाव.

वर पोचल्यावर साहेबांनी सहज विचारलं, "काय हो, सध्या वारा कुठला?"

"वायव्येचा, साहेब."

साहेबांनी वर पाहिलं. लोखंडी खांब होता, त्याच्यावर बाण नव्हता.

"बाण कुठे आहे?"

केशोरावांनीही वर पाहिलं. त्यांना ही बातमी नवी होती.

"दोन वर्साआधी वादळात पडला जी," रुख्मा म्हणाली. "मी केशोरावले सांगतलं होतं. ठेवून दे म्हनले. माह्या खाटेखाली ठेवला."

केशोराव आणि रुख्मा यांना खोलीत घेऊन साहेबांनी दार लोटून घेतलं. बराच वेळ ते भिंतीपुढे उभे होते. माणूस हुशार होता. त्याने रुख्माला ग्लास आणायला लावला, पाणी ओतायला लावलं, रेघ कशी मारते ते पाहिलं आणि वहीत बेरीज केली. पोळा ते दसरा सहा रेघा. तीन इंच. नऊ इंचांची ती रात्रसुद्धा त्याने शोधली, पण ती भिंतीवर नव्हती. ती केशोरावांच्या खऱ्या दिवसांतली होती आणि ऑफिसने ती केव्हाच खोडून टाकली होती.

"बाई बरोबर आहे," ते केशोरावांना हळूच म्हणाले. "पण हिचं बरोबर मानलं तर तुमच्या पाच वर्षांच्या नोंदी खोट्या ठरतात. त्या माझ्या सहीने छापून गेल्या आहेत. त्यांच्यावरून कुठल्या धरणाचं गणित झालं असेल ते देवाला माहीत. पाच वर्षांचा खुलासा कोण देणार? तुम्ही?"

केशोराव खुलासा हा शब्द ऐकून पांढरे पडले.

साहेबांनी बाहेर येऊन निर्णय सांगितला. रजिस्टरात अकरा इंच आहेत, भिंतीवर तीन. सरकार कोणावरही अन्याय करू इच्छित नाही. दोन्हींची सरासरी सात इंच धरण्यात येईल. सात इंच म्हणजे मध्यम पाऊस, त्यामुळे अर्धी माफी.

"साहेब," टिकाराम पुढे आला, "पाऊस एक तं पडला असंल, नाई तं नसंल. सात इंच कोनी पायला?"

"सरासरी कोणी पाहत नसतं," साहेब म्हणाले. "ती काढायची असते."

जाता जाता त्यांनी दोन हुकूम लिहिले. सरकारी भिंत विद्रूप झाल्याने तिला चुना मारावा. आणि केशोरावांचा सरासरीचा दांडगा अभ्यास लक्षात घेऊन त्यांना जिल्ह्याला नवीन निरीक्षकांच्या प्रशिक्षणावर घ्यावं.

चुना मारायचं काम अर्थात रुख्मालाच आलं. तिने दोन दिवस काढले. लोक म्हणतात ती रडली. तसं काही नव्हतं. ती चिडली होती. पुराच्या महिन्यावर तिने तीन हात दिले तरी कोळसा खालून डोकावत राहिला, तेव्हा तिने ब्रश बादलीत फेकला आणि म्हणाली, "राहू दे मेला." मग शाळेतल्या गुरुजींकडे जाऊन आकडे शिकायचे आहेत म्हणाली. गुरुजी हसले. ती उठली नाही, तेव्हा त्यांनी पाटी काढली. होळीपर्यंत तिला शंभरपर्यंत लिहिता येऊ लागलं, सेंटसकट.

अर्धी माफी मिळाली. पोकळ लोंब्या बैलांनीही नीट खाल्ल्या नाहीत. टिकारामने पुढे दोन-तीन अर्ज केले. त्यांचं उत्तर सरासरीने वर्षाला एक आलं.

मृगाच्या आधी नवा निरीक्षक आला, गोंदियाचा चुन्नीलाल. इस्त्रीची पँट, खिशाला पेन, आणि प्रशिक्षण साक्षात केशोरावांकडून झालेलं. पहिल्या पावसाळी सकाळी तो दोनशे दहा पायऱ्या चढला, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. त्याने भांड्यातलं पाणी ग्लासात ओतलं, ग्लास कट्ट्यावर ठेवला आणि उभ्या उभ्या पाहिलं.

"पैंतालीस सेंट," तो म्हणाला आणि पेन उघडलं.

"चाळीस," रुख्मा म्हणाली.

"अरे बाई, मेरे को ट्रेनिंग मिला है."

"असंल जी. पन खाली वाकून पाह्य. उभ्यानं पायलं तं पानी जास्त दिसते."

चुन्नीलालने तिच्याकडे पाहिलं, मग पँटीच्या घडीकडे, मग कट्ट्यावरच्या चिखलाकडे. रुख्मा तिथेच उभी होती, जायचं नाव घेत नव्हती. शेवटी तो गुडघ्यांवर टेकला आणि डोळा ग्लासाच्या रेघेला आणला.

"चालीस," तो म्हणाला.

"लिव मंग," रुख्मा म्हणाली, आणि त्याने लिहीपर्यंत ती हलली नाही.