काचेआडून दिसलेला चोर

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. समोरून पाहाल तर आरसा, मागच्या अंधाऱ्या खोलीतून पाहाल तर खिडकी. भट्टीतून निघाल्यावर माझ्या एका अंगाला पातळ चंदेरी मुलामा चढवला आणि मला मानसशास्त्र विभागातल्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत बसवलं. पुढच्या खोलीत माणूस बसतो, मागून विद्यार्थी त्याचं वागणं टिपतात.

माझ्यासमोर मोकळेपणाने असं कुणी बसतच नाही. केस सारखे करता करता माणूस थबकतो, डोळे बारीक करतो. मागे कुणी आहे की काय? आपल्याला कुणी पाहतंय एवढ्या शंकेनेही वागणं बदलतं, हे विभागातल्या बाई पहिल्याच तासाला शिकवत. फार सुरेख शिकवत.

एका सकाळी बाईंचा छोटा रेकॉर्डर सापडेना. काही माणसांनी विश्वासाने सांगितलेली दुःखं त्यात होती. ती भलत्याच्या कानी पडली तर? बाईंचा चेहराच उतरला.

"आत्ता टेबलावर होता. मी पाहिला ना!" एक विद्यार्थिनी म्हणाली.

"आणि टेबलाजवळ अबोली उभी होती," दुसरा म्हणाला.

अबोली म्हणजे वर्गातली नवी, गप्प गप्प राहणारी मुलगी. बघता बघता तिने हात पुढे केल्याचंही दोघातिघांना आठवू लागलं. मी हादरले. टेबल माझ्या अगदी समोर होतं आणि त्यावर सकाळपासून खडूच्या डबीखेरीज काहीच नव्हतं! पण मी सांगणार कुणाला?

बाईंनी अबोलीला माझ्यासमोर बसवलं आणि स्वतः वर्गासह मागच्या खोलीत उभ्या राहिल्या.

मुलीने बाहीचं टोक पिळलं. "बघा, घाबरलीय," कुणी कुजबुजलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "अंदाज घेतेय!" मग ती अगदी स्थिर बसली. "केवढी निर्ढावलेली आहे!"

बाईंनी मान डोलावली.

इतक्यात शेजारच्या विभागातले सर रेकॉर्डर हातात घेऊन मागच्या खोलीच्या दारातून डोकावले. "बाई, हा तुमचाच ना? काल चहाला आलात तेव्हा माझ्या टेबलावर विसरलात."

मागे कुणी कुणाकडे बघेना. "पण मी खरंच पाहिला होता हो..." ती विद्यार्थिनी पुटपुटली. बिचारी खोटं बोलत नव्हती. आदल्या दिवशीचं चित्र तिच्या मनाने आजच्या टेबलावर मांडलं होतं.

बाई पुढच्या खोलीत आल्या. "बाळ, चुकलं माझं. सगळ्यांसमोर माफी मागते."

"तुम्ही मागे आहात हे कळत होतं, बाई. म्हणून तर हात कुठे ठेवावेत तेच सुचेना." ती उठली. "माफी नको. तुम्ही जरा इथे बसा."

बाई बसल्या. अबोली मागे गेली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. उगाच घसा खाकरला.

"आता सांगा," ती वर्गाला म्हणाली, "ह्यांनी काय चोरलंय?"



पुढे काही जण तिच्याशी बोलताना अवघडतच राहिले. आळ खोटा ठरला, तरी संशयाचा डाग पटकन जात नाही.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने घासू नका, मुलामा उडतो. आणि कुणाचा संशय आलाच, तर माझ्याआड उभे राहू नका. त्या माणसासमोर खुर्ची ओढा, बसा आणि त्यालाच विचारा.