चिकिगाकची बायको

बेथेलच्या विमानतळावर ओलिन्का उतरली तेव्हा एक वाजला होता. अँकरेजला जाणारं मोठं विमान चार वाजता. गावाकडून येणारी माणसं या मधल्या वेळात काय करतात ते ठरलेलं असतं. कोणी दुकानात जाऊन काडतुसं नि पोरांचे लंगोट घेतं, कोणी बहिणीकडे वाफेची आंघोळ उरकून येतं, कोणी बाकावर आडवं होतं. ओलिन्काला यातलं काहीच करायचं नव्हतं. तिच्या काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक डबा होता आणि त्यातलं तिला आपल्या नवऱ्याला खाऊ घालायचं होतं.

नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. तो गेला त्याच हिवाळ्यात इथे बेथेलला ओळखीतल्या तातियानाला मूल झालं. तातियानाच्या आईने मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडून त्याचंच नाव ठेवलं, चिकिगाक. गेलेल्याचं नाव ज्याला मिळतं त्याच्यात तो परत येतो, असं त्यांच्यात मानतात. म्हणजे चिकिगाक परत आला. ओलिन्काने ते ऐकलं त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली होती. पण भेट काही झाली नव्हती.

आजारपणाच्या शेवटच्या आठवड्यात चिकिगाकने अकुताक मागितलं होतं. चरबी हाताने फेटून फेटून हलकी करायची, तिच्यात उकडलेला मासा कुस्करून घालायचा, साखर घालायची, वरून केशरी बेरी. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं होतं, म्हणून ओलिन्काही नाही म्हणाली. त्याने वाद घातला नाही. "बरं," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. तेव्हापासून तिने अकुताक केलं नव्हतं, कोणाकडे चाखलंही नव्हतं. परवा निरोप आला की तातियानाला फेअरबँक्सला नोकरी लागली, उद्या सगळे निघणार. फेअरबँक्सला कोण जातंय. भेटायचं तर आजच.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्याच ऑपरेशनसाठी ती अँकरेजला निघाली होती. आधी डोळे नि मग नवरा असं झालं असतं तर बरं होतं, पण विमानांचा क्रम काही तिच्या हातात नव्हता.

बाहेर रमीझची टॅक्सी उभी होती. रमीझ अल्बेनियाकडचा, पंधरा वर्षं इथल्या खड्ड्यांतून गाडी हाकत होता. गाडीत आधीच कोणीतरी बसलेलं होतं, ते असतंच.

"कुठे, आजी?"

"तातियानाकडे. हॉस्पिटलच्या मागे, निळं घर."

"हॉस्पिटलच्या मागे सगळीच घरं निळी आहेत."

"मी दाखवतो," मागून आवाज आला. तो एवन होता, चिकिगाकचा आतेभाऊ. आते-मामेभावांनी एकमेकांची टर उडवायचीच असते, आणि एकजण मेला म्हणून त्यात खंड पडत नाही. "काय वहिनी, नवऱ्याकडे निघालात? मी भेटून आलो मागच्या महिन्यात. डोक्यावर केस आलेत आता. बोलणं मात्र तसंच, एक शब्द कळत नाही."

"तुम्हाला कधी कळला होता?"

रमीझने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "आजी, नवरा वारला म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना मला?"

"वारला."

"मग?"

"मग आला."

रमीझने गाडी काढली. गिऱ्हाईक उतरलं की त्याची गोष्टही अर्ध्यावर उतरून जाते, याची त्याला सवय होती. पण ही गोष्ट त्याला उतरू द्यावीशी वाटेना. एवन हॉस्पिटलपाशी घर दाखवून उतरला, तरी रमीझने दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही.

घरापर्यंत चिखलावर फळ्या टाकलेल्या होत्या. ओलिन्काला त्यांच्या कडा दिसेनात. "नदीवर धुकं चढतंय," रमीझ म्हणाला, "ते दाटायच्या आत विमान लवकरही काढतील. चला." त्याने तिचा दंड धरला आणि दारापर्यंत आणून तो उंबऱ्यातच थांबला, बूट चिखलाने भरले होते म्हणून.

आत खोक्यांचा ढीग होता. तातियानाने हाक मारली, "चिकिगाक, बघ, तुझी बायको आली."

खोक्यांमागून दोन वेण्या घातलेली एक पोर आली.

"ही तर मुलगी आहे," रमीझ म्हणाला.

"मग?" तातियाना म्हणाली.

ओलिन्का जमिनीवर बसली. समोर तिला फक्त लाल फ्रॉक दिसत होता, तोही पुसट. तिने डबा उघडला, चमचा भरला. "घे. मी तेव्हा नाही म्हणाले होते. आता घे."

पोर हलली नाही.

"अनोळखी माणसाच्या हातून खात नाही ती," तातियाना हळूच म्हणाली.

ओलिन्काचा चमचा तसाच राहिला. अनोळखी. बेचाळीस वर्षं संसार केला होता. तो अजून रागावलेला असेल तर तिथे काय करणार?

"काय करतोय?" तिने विचारलं. "मला दिसत नाही. काय करतोय सांग."

"दाराकडे बघतेय. बोट दाखवतेय त्यांच्याकडे."

रमीझने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

ओलिन्का हसायला लागली, डोळे पुसत हसायला लागली. "बूट काढा आणि आत या. दारात पाहुणा उभा असताना हा कधी जेवलाय? माझं मेलीचंच लक्ष नाही."

पंधरा वर्षांत गिऱ्हाइकाच्या घरात रमीझ पहिल्यांदाच बसत होता. त्याने चमचा तोंडात घातला आणि घास बराच वेळ गिळला नाही.

"यात मासा आहे?"

"आहे."

"गोड मासा."

"खोटंच चांगलं म्हणू नका. त्याला कळतं."

"चरबी जास्त आहे," रमीझ म्हणाला आणि गिळला. मग स्वतःच आणखी एक चमचा घेतला, नक्की काय लागतंय ते पुन्हा बघायला.

पोर त्याच्या गळ्याकडे टक लावून बघत होती. घास खाली उतरला तशी ती ओलिन्कासमोर येऊन उभी राहिली आणि तिने आ केला. ओलिन्काचा चमचा पोरीच्या गालाला लागला. तेव्हा दोन लहान हातांनी तिचं मनगट पकडलं आणि चमचा बरोबर तोंडाशी नेला.

पाच घास झाले. सहाव्याला पोरीने मान फिरवली आणि ती खोक्यांकडे पळाली.

परतताना धुकं रस्त्यावर उतरलं होतं. "आजी," रमीझने विचारलं, "मी इथेच मेलो तर बाळाला माझं नाव ठेवेल कोणी?"

"चरबी जास्त म्हणालात. बघावं लागेल."

मग तिने डब्याचं झाकण काढलं, तळाशी उरलेलं बोटाने पुसून तोंडात घातलं, आणि म्हणाली, "खरंच जास्त झाली आहे."

विमानतळाच्या वळणावर एक बाई पिशव्या घेऊन उभी होती. रमीझने गाडी हळू केली.